घट्ट विणीची गोष्ट

रेशीमअळ्यांच्या त्या राज्यात जन्म तळाच्या फळीवर होई आणि मान मात्र सदैव वर वळलेली असे. कोवळा तुतीचा पाला वरच्या फळ्यांवरच संपे; तळाला जून, वाळका पाला येई. कोश विणून झाला, की हात येत आणि तो पलीकडच्या खोलीत नेत. तिथून कुणी परतले नव्हते. न परतणे हाच तिथल्या सुखाचा पुरावा मानला जाई.

राज्यात पंख असलेला जीव एकच, तात्या पतंग. तो गोष्टी रचून सांगे. प्रत्येक गोष्टीतली अळी तळाच्या फळीवर जन्मे, वाळका पाला निमूटपणे खाई, अखंड धाग्याचा घट्ट कोश विणी आणि पंख घेऊन बाहेर पडे. गोष्टीगणिक अळीचे नाव तेवढे बदले. शेवटी रिवाजाप्रमाणे तात्या आपले पांढरे पंख उघडून दाखवी आणि पाला कुरतडण्याचा आवाज क्षणभर थांबे. त्या पंखांनी तो कधी उडाला नव्हता. ते उडण्याजोगे नव्हतेच. पण तसे कुणी विचारले नाही. त्याच्या गोष्टी सुरू झाल्यापासून धागा लांब निघू लागला होता, म्हणून हातांनी त्याला सर्वांत वरच्या फळीवर उबदार कोपरा दिला होता. तिथून पलीकडची खोली दिसे. उकळत्या पाण्याची पातेली दिसत, चकाकत्या लडी दिसत. पंख दिसत नसत.

स्वतःचा कोश तात्याला पक्का आठवे. आळसाने विणलेला, गाठींनी भरलेला. हातांनी तो चाचपला आणि टाकाऊ म्हणून कोपऱ्यात भिरकावला. तिथे पडल्यापडल्या त्याला बाहेर यायला सवड मिळाली. एवढी एक गोष्ट त्याने कधी सांगितली नाही.

तळाच्या चिमाला त्याच्या साऱ्या गोष्टी पाठ होत्या. शेजारणी चिडवत, "पंख फुटल्यावर ओळख ठेवा हो, बाईसाहेब." विणायची वेळ आली, तशी ती एकेक फळी चढत तात्यापाशी पोहोचली. तिच्या धाग्याला राहूनराहून गाठ पडत होती. सोडवत बसावे तर अंगातले बळ सरत होते. तिने विचारले,

"तात्या, तुमच्या कोशाला होती का हो गाठ? एखादी तरी?"

खालच्या सगळ्या फळ्या कान देऊन होत्या. पलीकडे कुणीतरी आधण ठेवत होते. असू दे गाठी, एवढेच म्हणायचे होते. म्हटले असते तर चिमा वाचली असती, आणि त्याच्या एकूण एक गोष्टी त्याच क्षणी खोट्या पडल्या असत्या.

"एकही नव्हती, पोरी," तात्या म्हणाला. "पडली की मी मागे जाऊन सोडवायचो."

चिमाने तीन दिवस मान वर केली नाही. तिचा कोश त्या हंगामातला सर्वांत देखणा निघाला. हातांनी तोच आधी उचलला.

दुपारी तात्या तळाच्या नव्या अळ्यांना चिमाची गोष्ट सांगत होता. वाळका पाला झाला, सोडवलेल्या गाठी झाल्या. गोष्ट शेवटाला आली, तोच पलीकडच्या खोलीतून पांढरी वाफ निघाली आणि छपराकडे हलकेच चढू लागली.

"त्या बघा चिमाताई," एक अळी म्हणाली. "उडाल्या."

सगळ्या माना वर वळल्या. तात्याच्या पंखांवर वाफेचे थेंब जमले होते. रिवाजाप्रमाणे त्याने ते उघडून दाखवले.