बावीस पाट्या

“सूर्य मावळायच्या आत प्रत्येक मुलाच्या गळ्यात पाटी दिसली पाहिजे! पुढे कोण काय होणार, ते तिच्यावर लिहा. एक जरी पाटी चुकली, तर शाळा बंद!”

राजा भैरवसिंहाचा हुकूम ऐकून त्र्यंबक गुरुजींनी हात जोडले. मुलं बावीस! “महाराज, हे आत्ताच कसं सांगणार?”

“वर्षानुवर्षं शिकवता, आणि एवढंही ठाऊक नाही? मग शाळा हवी कशाला?”

शाळेत स्वयंपाक करणारी ठकूबाई पदराला हात पुसत पुढे आली. “मी सांगते, महाराज! गुरुजींनी फक्त लिहायचं. आपण जेवायलाच थांबा.”

मग ती मुलांकडे वळली. “पोरांनो, आज माझा हात दुखतोय. स्वयंपाक तुमचा तुम्ही करा!” आणि खुशाल पारावर जाऊन बसली.

एकच गोंधळ उडाला! चूल नुसती धुमसत होती. रखमीने वारा कुठून येतो ते पाहिलं आणि चुलीचे दगड फिरवून मांडले.

“लिहा गुरुजी, ही घरं बांधील!”

येसूचं बोट भाजलं. गोप्याने ते गार पाण्यात धरलं आणि गोष्ट सांगत तिचं रडू थांबवलं.

“हा वैद्य!”

भाकरीवरून दोघांची जुंपली. बायजाने भांडण असं मिटवलं, की दोघंही हसले.

“न्यायाधीश!”

नागूने सगळ्यात हात घातला आणि सगळं अर्धवट सोडलं.

“याची पाटी कोरी ठेवा.”

इकडे महाराजांनाही राहवेना. त्यांनी डाव घेऊन आमटी चाखली, गूळ टाकला, पुन्हा चाखली.

संध्याकाळी बावीस गळ्यांत बावीस पाट्या झळकल्या. त्या तपासताना राजा गरजला, “खडूने लिहिलंय? हे तर पुसलं जाईल! आणि ही कोरीच?”

“पोरं वाढतात, महाराज,” ठकूबाई म्हणाली. “पुसून पुन्हा लिहिता यायला नको? नागूचा शोध अजून चाललाय, त्याला जागा जास्त लागेल.”

“मोठी तिखट आहेस! पण पाट्या बरोबर की चूक, हे ठरवायचं कसं?”

“पोरं मोठी झाली की कळेलच! तोवर दहा वर्षं शाळा चालू ठेवा. चूक निघाली, तर खुशाल बंद करा!”

राजाने पाट्यांवरून नजर फिरवली. मग मिशीत हसत म्हणाला, “आणि माझी पाटी?”

ठकूबाईने त्याच्या हाताकडे बोट दाखवलं. आमटीचा डाव अजून तिथेच होता!

“आचारी, महाराज!”

राजा एवढा हसला, की डाव खाली पडला. शाळेला दहा वर्षांचं धान्य मिळालं, ठकूबाईला सोन्याचं कडं. आणि महाराज घोड्यावरून परतले, ते आपली पाटी गळ्यात घालूनच!