झुबकी खारीचा चौथा चिंचोका

शाळेच्या दारात चिंचेचं झाड. झाडावर घर. घरात कोण? झुबकी खार!

झुबकीला चार पिल्लं. इवली इवली. गुलाबी गुलाबी. सारखी म्हणायची, "चीं चीं! भूक! चीं चीं! भूक!"

शाळेत होत्या उल्काबाई. त्या मुलांना चिंचोके मोजायला द्यायच्या. एक, दोन, तीन! मोजून झालं की बाई झुबकीला हाक मारायच्या.

"ये गं झुबके! पिल्लं चार, चिंचोके चार!"

झुबकी आली. तुरुतुरु, तुरुतुरु.
पहिला चिंचोका नेला. मोठ्याला दिला.
दुसरा चिंचोका नेला. मधल्याला दिला.
तिसरा चिंचोका नेला. मधलीला दिला.
चौथा चिंचोका उचलला आणि... अरेरे! सटकला! गडगड, गडगड, गडगड. गेला कुठे? गणिताच्या पेटीखाली!

झाडावर धाकटी पिल्ली रडायला लागली. "चीं चीं! माझा कुठाय?"

झुबकी गेली पेटीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.
"पेटीताई, पेटीताई, जरा सरक ना!
चिंचोका निघेना,
पिल्ली माझी हसेना!"

पेटी म्हणाली, "मी नाही सरकणार, जा! समोर काड्या पडल्यात आडव्या. आधी काड्यांना उठव."

झुबकी गेली काड्यांकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.
"काड्यांनो, काड्यांनो, जरा उठा ना!
पेटी सरकेना,
चिंचोका निघेना,
पिल्ली माझी हसेना!"

काड्या म्हणाल्या, "आम्ही नाही उठणार, जा! आम्ही दहा जणी, दहा दिशांना. आधी रबराला आण. तो आमचा गठ्ठा बांधेल."

झुबकी गेली रबराकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.
"रबरदादा, रबरदादा, गठ्ठा बांध ना!
काड्या उठेनात,
पेटी सरकेना,
चिंचोका निघेना,
पिल्ली माझी हसेना!"

रबर म्हणाला, "ऊं ऊं! मी नाही बांधणार, जा! तराजूचं पारडं बसलंय माझ्या अंगावर. आधी तराजूला सरळ कर."

झुबकी गेली तराजूकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.
"तराजूकाका, तराजूकाका, सरळ व्हा ना!
रबर सुटेना,
काड्या उठेनात,
पेटी सरकेना,
चिंचोका निघेना,
पिल्ली माझी हसेना!"

तराजू म्हणाला, "मी नाही होणार सरळ, जा! या पारड्यात बटाटा. त्या पारड्यात वारा. मग मी वाकडाच! आधी खिचडीवाल्या मावशीकडून दुसरा बटाटा आण."

झुबकी गेली गोदामावशीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. मावशी खिचडी करत होती. रटरट, रटरट.
"मावशी, मावशी, बटाटा दे ना!
तराजू झुकलेला,
रबर सुटेना,
काड्या उठेनात,
पेटी सरकेना,
चिंचोका निघेना,
पिल्ली माझी हसेना!"

मावशी म्हणाली, "मी नाही देणार, जा! एका मुलाला एक बटाटा. तुला दिला आणि कमी पडला तर? आधी बाईंना मुलं मोजायला सांग."

झुबकी गेली बाईंकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.
"बाई, बाई, मुलं मोजा ना!
मावशी बटाटा देईना,
तराजू झुकलेला,
रबर सुटेना,
काड्या उठेनात,
पेटी सरकेना,
चिंचोका निघेना,
पिल्ली माझी हसेना!"

बाई म्हणाल्या, "कशी गं मोजू? एक मोजला की दुसरा पळतो. दुसरा मोजला की पहिला लपतो! आधी मुलांना रांगेत उभं कर."

झुबकी गेली मुलांकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. मुलं पळत होती. धबधब, धबधब.
"मुलांनो, मुलांनो, रांग लावा ना!
बाई मोजेनात,
मावशी बटाटा देईना,
तराजू झुकलेला,
रबर सुटेना,
काड्या उठेनात,
पेटी सरकेना,
चिंचोका निघेना,
पिल्ली माझी हसेना!"

मुलं म्हणाली, "आम्ही नाही लावणार, जा! घंटा कुठे झालीये?"

झुबकी घंटेकडे गेली. घंटा नुसती लोंबत राहिली.

झाडावरून आवाज आला. "चीं चीं! माझा कुठाय?"

झुबकीने शेपटी फुगवली. घंटेच्या दोरीवर उडी मारली. टिंग! एवढासा आवाज. कुणालाच ऐकू आला नाही.

झुबकी दोरीला घट्ट धरून लोंबकळली. इकडे झोका. तिकडे झोका. खूप मोठ्ठा झोका!

टिंग! टण्! ठण् ठण् ठण् ठण्!

मग काय!
घंटा झाली, मुलांनी रांग लावली. दोघं दोघं, हातात हात. मागे उरली एकटी रुंजी.
"बाई, मला जोडीच नाही!"
झुबकी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. शेपटी वर, मान ताठ.

बाईंनी मोजलं. "दोन, चार, सहा, आठ, दहा. आणि रुंजी, अकरा!"
मुलं ओरडली, "बाई, बारा! बारा!"
बाई म्हणाल्या, "अरे, खार खिचडी खाते का?"
मुलं हसली. खदाखदा, खदाखदा.

मावशीने टोपलीतले बटाटे मोजले. बारा बटाटे! अकरा मुलांचे अकरा. "हा बघ, उरला एक. घे बाई!"

बटाटा खारीपेक्षा मोठा! झुबकीने ढकलला. गडगड, गडगड. पारडं होतं उंच. रुंजीने बटाटा उचलला, पारड्यात ठेवला. थप्प!

तराजू डुलला. खाली, वर. वर, खाली. झाला सरळ!
रबर सुटला. हुश्श!
रबराने काड्या बांधल्या. दहा काड्या, एक गठ्ठा. चट्ट!
गठ्ठा उठला. टुणकन्!
पेटी सरकली. सर्र्र्र!
आणि पेटीखाली कोण? चिंचोका! तपकिरी, गुळगुळीत, थोडीशी धूळ लागलेला.

झुबकीने तो तोंडात धरला. झाडावर पळाली. तुरुतुरुतुरुतुरु!
"घे गं माझी सोनी!"
धाकटीने चिंचोका पोटाशी धरला. आणि हसली. चिक् चिक् चिक्!
मोठा खातोय. मधला खातोय. मधली खातेय. धाकटी खातेय. कुटूकुटू, कुटूकुटू.

झुबकी फांदीवर बसली. दमली होती. नुसती बघत होती.

खालून रुंजी म्हणाली, "बाई, पिल्लं चार, चिंचोके चार. मग झुबकीचा कुठाय?"

बाईंनी बोटं मोजली. एक, दोन, तीन, चार. मग अंगठा बघितला. "अगंबाई! आईला मोजायचं राहूनच गेलं!"

बाईंनी डबा उघडला. सगळ्यांत जाड, सगळ्यांत चकचकीत चिंचोका काढला. रुंजीने तळहातावर ठेवला. हात उंच केला.

झुबकी खाली आली. तुरुतुरु, तुरुतुरु.
तिथेच हातावर बसली आणि खाल्ला. कुटूकुटू, कुटूकुटू, कुट्ट!

गोष्ट गेली कानात,
झोप आली डोळ्यांत!