चविष्ट टोफू

"पण तिनं तर आणखी मागितला होता, गुरुजी! मग माझं चुकलं कुठे?"

मठाचा आचारी भिक्षू कैशुन मनापासून विचारत होता.

कोळसे पाडणाऱ्या ओसेई नावाच्या बाईचा एकुलता एक मुलगा बर्फाखाली गाडला जाऊन मेला होता. दिवसकार्याचं जेवण मठातून गेलं. रिवाजाप्रमाणे मांसमासळी वर्ज्य, फक्त टोफू, सोयाबीनच्या दुधाचं पनीर. कैशुननं तो दगडाखाली दाबून त्याचं पाणी काढलं, अक्रोड आणि मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या खारट सोयाबीनचं, वाटण लावलं, निखाऱ्यावर खरपूस भाजला. लोक बोटं चाटत राहिले.

ओसेईनंही बोट चाटलं. वाडगा पुढे केला.

पोटच्या पोराच्या दिवसांना आई पुन्हा वाढून घेते! कैशुनला आभाळ ठेंगणं झालं. याहून मोठी दाद ती कोणती?

"तो दुसरा वाडगा तिनं खाल्ला का?" मठाचे वृद्ध गुरू दोगाकू यांनी विचारलं.

"...नाही. चाटलेल्या बोटाकडे बघत बसली."

"त्यानंतर तिच्या पोटात अन्नाचा कण नाही. शेजारीण सांगून गेली. फार दिवस काढेल असं वाटत नाही."

कैशुनचा चेहरा उतरला. पण तो पडला हाडाचा आचारी. क्षणात सावरला.

"मग आज त्याहून सरस करतो, गुरुजी. वासानंच उठून बसेल."

"कर."

त्यानं सगळं कसब पणाला लावलं. वाटणात आलं घातलं, वरून भाजलेले तीळ भुरभुरले. दोघे वाटेने जाताना डब्याच्या झाकणातून असा घमघमाट सुटला की स्वारीचं स्वतःच्याच हातांवर प्रेम जडलं.

ओसेईच्या झोपडीअलीकडे ओढा होता. दोगाकू तिथे उकिडवे बसले. त्यांनी डबा उघडला आणि टोफूचा तुकडा सरळ पाण्यात धरला.

"गुरुजी!"

तीळ वाहून गेले. वाटण गेलं. खरपूस पापुद्रा म्हाताऱ्यानं नखानं सोलून काढला. गारठ्यानं त्यांची बोटं निळी पडली, तरी ते धूतच राहिले.

कैशुनच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं सांगायचं तर ते ओसेईसाठी नव्हतं.

झोपडीत चूल थंड होती. ओसेई भिंतीकडे तोंड करून पडली होती. दोगाकूंनी चूल पेटवली, भांड्यात नुसतं पाणी ठेवलं, त्यात तो पांढरा तुकडा सोडला. मीठसुद्धा नाही.

ऊन झाल्यावर त्यांनी मठातून आणलेला वाडगा भरून तिच्यापुढे ठेवला.

"मठातला आहे?" तिनं विचारलं. आवाज फाटला होता.

"हो."

"नको. तो... गोड लागतो. माझं लेकरू मातीत, आणि माझ्या जिभेला तो गोड लागला, बाबा. ही जीभ मला नको."

दोगाकूंनी चुलीत आणखी एक लाकूड सरकवलं. वाडगा तिथेच राहिला.

बऱ्याच वेळानं तिनं त्यातला टोफू चिमटीनं तोडला. तोंडात घातला. थांबली.

"याला चव नाही."

"नाही."

"...काहीच नाही."

तिनं आणखी एक घास घेतला. मग तिला हुंदका फुटला. ती रडत होती आणि खात होती, खात होती आणि रडत होती. वाडगा रिकामा झाला तरी रडणं थांबेना. दोगाकू शेजारी नुसते बसून राहिले.

ते दोघे बाहेर पडले तेव्हा बर्फ भुरभुरत होतं. ओढा ओलांडल्याबरोबर कैशुननं विचारलं.

"गुरुजी... वाटण गेलं, वास गेला, चव गेली. त्यात उरलं काय?"

दोगाकूंनी रिकामा वाडगा त्याच्या हातात दिला.

"ती उरली."