खोतांच्या मालकीच्या शिंपल्या

वेळसरच्या आबासाहेब खोतांचं पोट एवढं सुटलं होतं, की त्यांना स्वतःचे जोडे दिसत नसत. तरी हाव सुटेना. त्यांनी दवंडी पिटवली, "होडीबरोबर किनाऱ्याला येईल ते सगळं खोतांचं! त्यांच्याआधी हात लावेल तो चोर!" झालं, सगळी पापलेटं खोतांच्या ताटात, आणि नागूबाय कोळिणीची पोरं नुसती पेज पीत बसली.

तशात नागूबायची होडी जड झाली. बुडाला शेवाळ आणि शिंपल्यांचे थर चढले. ते खरवडून तेल चोपडलं नाही, तर लाकूड किडायचं. पण नागूबायनं होडी खोतांच्या दारासमोर ओढून आडवी केली आणि स्वस्थ बसली. बाकीच्या कोळ्यांनीही तेच केलं. ऊन चढलं तशी अशी घाण सुटली, की खोतांना घास गिळवेना. नाकाला उपरणं लावून ते बाहेर आले.

"अगं नागू, खरवड की ते!"

"नको बा! होडीबरोबर आलेला तुमचा माल तो. हात लावला तर मी चोर. माणसं पाठवा आणि न्या उचलून."

"मला काय करायच्यात शिंपल्या? तूच घे!"

"तसं नको, सरकार. चारचौघांत सांगा, होडीबरोबर येईल ते होडीवाल्याचं."

खोतांनी नाक दाबूनच ते सगळ्यांना ओरडून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी खोत सवयीनं पापलेटं निवडायला आले. नागूबायनं त्यांच्यापुढे खरवडलेल्या शिंपल्यांची टोपली ठेवली.

"घ्या, सरकार. आता आमच्या मालकीच्या आहेत, पण तुम्हाला नाही कसं म्हणायचं?"