फिल्टर हलेना, पाणी येईना

माझे शब्द साधे आहेत आणि ऱ्हस्व-दीर्घही चुकतात. माफ करा. मोठ्याने वाचा, म्हणजे चुका ऐकू येणार नाहीत.

टुण्या बेडूक केवढा? अंगठ्याएवढा.

राहायचा कुठे? शकूकाकूंच्या अंगणात, अळूच्या पानाखाली.

तिथे होतं एक डबकं. डबक्यात होती त्याची सात भावंडं. काळी काळी, गोल गोल, शेपटीवाली. त्यांना अजून पाय नव्हते. डबक्यातून बाहेर येताच यायचं नाही.

डबक्यात पाणी कुठून यायचं? काकूंच्या पाणी गाळायच्या मशीनमधून. मशीनचं जादा पाणी नळीतून बाहेर. नळीतून पाटात. पाटातून डबक्यात.

झुळझुळ, झुळझुळ.

एके दिवशी झुळझुळ थांबली.

टुण्याने बघितलं. पाटात पडला होता एक जुना फिल्टर. लांबट, जाडजूड, मातकट. मक्याच्या कणसासारखा. बसला होता घट्ट अडकून. पाणी गेलं भलतीकडे.

डबकं होतं परातीएवढं. झालं ताटाएवढं.

"दादा, पाणी!" भावंडं म्हणाली.

"आणतो हं," टुण्या म्हणाला. "आलोच!"

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक, टुण्या गेला फिल्टरकडे.

"फिल्टरदादा, ऐक ना!
डबक्यात पाणी येईना!
बाजूला जरा सरक ना!"

फिल्टरला फार वाईट वाटलं.

"बाळा, वर्षभर मी ह्या घराला पाणी गाळून दिलं. मग नवा फिल्टर आला. मला ठेवलं कुंपणाच्या भिंतीवर. वारा सुटला, मी पडलो. मला हात ना पाय. काकू उचलतील तर मी हलेन."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक, टुण्या गेला काकूंकडे.

"काकू, काकू, ऐका ना!
फिल्टर जागचा हलेना.
डबक्यात पाणी येईना!
तुम्ही त्याला उचला ना!"

"अरे माझ्या राजा," काकू म्हणाल्या, "उचलीन रे. पण उचलून ठेवू कुठे? माळ्यावर आधीच तीन पडलेत. दादूमामा गाडीत नेतील तर मी उचलीन."

डबकं झालं बशीएवढं.

घणघण, घणघण! कचऱ्याची गाडी आली. गाडीवर होते दादूमामा. टुणुक टुणुक, टुण्या गेला मामांकडे.

"मामा, मामा, ऐका ना!
फिल्टर जागचा हलेना.
काकू त्याला उचलेना.
डबक्यात पाणी येईना!
तुम्ही गाडीत न्या ना!"

मामांनी डोकं खाजवलं.

"ओल्या कचऱ्यात टाकू, तर त्याचं खत होत नाही. सुक्या कचऱ्यात टाकू, तर भंगारवाला म्हणतो, हे काय आणलंस, ने परत! मोतीशेठ दुकानात घेतील तर मी नेईन."

डबकं झालं वाटीएवढं.

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक, टुण्या गेला मोतीशेठकडे. शेठचं दुकान नव्या नव्या फिल्टरांचं.

"शेठ, शेठ, ऐका ना!
फिल्टर जागचा हलेना.
काकू त्याला उचलेना.
मामा गाडीत नेईना.
डबक्यात पाणी येईना!
तुम्ही दुकानात घ्या ना!"

"मी नवे विकतो, बेटा," शेठ म्हणाले. "जुने घेऊन काय करू? त्यांचं लोणचं घालू?"

मग त्यांनी टुण्याकडे नीट बघितलं. दमला होता बिचारा. शेठनी त्याच्या पाठीवर पाण्याचे दोन थेंब सोडले. टप, टप.

"कुंदाताई टेंपो काढतील तर मी घेईन."

डबकं झालं पळीएवढं.

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक, टुण्या गेला कुंदाताईंकडे. ताई कंपनीचा टेंपो चालवायच्या. कंपनीतून दुकानात, दुकानातून कंपनीत.

"ताई, ताई, ऐका ना!
फिल्टर जागचा हलेना.
काकू त्याला उचलेना.
मामा गाडीत नेईना.
शेठ दुकानात घेईना.
डबक्यात पाणी येईना!
तुम्ही टेंपो काढा ना!"

"मला काय रे, आनंदच आहे," ताई म्हणाल्या. "नवे फिल्टर घेऊन येते, जाताना टेंपो रिकामाच जातो. पण कंपनी म्हणते, जुने न्या असं कोणी सांगितलंय का? आळीतल्या बायका फोन करतील तर मी टेंपो काढीन."

टुणुक... टुणुक... टुण्याचे पाय दुखायला लागले. तरी तो गेला आळीत.

ओट्यावर बायका लसूण सोलत बसल्या होत्या. रझियाभाभी, लीलाआत्या आणि मंदावहिनी.

"बायांनो, बायांनो, ऐका ना!
फिल्टर जागचा हलेना.
काकू त्याला उचलेना.
मामा गाडीत नेईना.
शेठ दुकानात घेईना.
ताई टेंपो काढेना.
डबक्यात पाणी येईना!
तुम्ही फोन करा ना!"

"करू की," रझियाभाभी म्हणाल्या. "माझ्याकडेपण एक जुना आहे. दाराला अडकण म्हणून लावलाय!"

"माझा पलंगाखाली," लीलाआत्या म्हणाल्या. "रोज पायाला लागतो मेला."

"पण पहिला फोन कोणी करायचा?" मंदावहिनी म्हणाल्या. "मला बाई लाज वाटते."

"शकूकाकूंनी!" तिघी एकदम म्हणाल्या. "सहल त्याच ठरवतात. भजी त्याच तळतात. काकू करतील तर आम्ही करू."

डबकं झालं चमचाभर. सात भावंडं चिकटून चिकटून बसली.

टुणुक... टुणुक... टुण्या पुन्हा काकूंच्या दारात.

"काकू, काकू, ऐका ना!
फिल्टर जागचा हलेना.
काकू त्याला उचलेना.
मामा गाडीत नेईना.
शेठ दुकानात घेईना.
ताई टेंपो काढेना.
बायका फोन करेनात.
डबक्यात पाणी येईना!"

आणि टुण्या रडायलाच लागला.

"अरे, अरे, रडू नकोस," काकू म्हणाल्या. "सांग बघू. ताई कोणासाठी अडली?"

"बायकांसाठी."

"आणि बायका?"

"तुमच्यासाठी."

"अगं बाई!" काकूंनी गालावर हात ठेवला. "आणि मी बसलेय मामांची वाट बघत! सगळे माझ्यापाशीच येऊन थांबलेत की!"

काकू उठल्या. आधी त्यांनी डबक्यात तांब्याभर पाणी ओतलं. "एवढ्यावर जरा दम धरा हं, बाळांनो."

मग त्यांनी चष्मा लावला आणि कंपनीला फोन केला.

ट्रिंग! "आमचे जुने फिल्टर परत न्या."

मग काय! बायका फोन करू लागल्या.

ट्रिंग ट्रिंग! "आमचेपण न्या!"

ट्रिंग ट्रिंग ट्रिंग! "आणि आमचेपण!" मंदावहिनींनी तर दोनदा केला.

"बाप रे!" कंपनी म्हणाली. "कुंदाताई, निघा, निघा!"

ताई टेंपो काढू लागल्या. भुर्र भुर्र!

शेठ दुकानात घेऊ लागले. दारात मोठं खोकं ठेवलं. धप्प! "टाका, टाका! लोणचं नाही घालणार!"

मामा गाडीत नेऊ लागले. घणघण! माळ्यावरचे आले, पलंगाखालचे आले. रझियाभाभींचं दार धाडकन आपटलं, कारण अडकणही आली.

काकू फिल्टर उचलू लागल्या. पदर खोचला. ओढला. उं... उं... उं...

फट्!

फिल्टर हलला!

"आता माझं काय होणार?" टेंपोत बसल्यावर फिल्टरने हळूच विचारलं.

"तुझं प्लास्टिक वितळवतील," ताई म्हणाल्या. "त्याचं नवं काहीतरी करतील. कुंडी होशील, नाहीतर बादली."

"बादली?" फिल्टर खूश झाला. "म्हणजे पुन्हा पाणीच की! चला, चला!"

भुर्र भुर्र, गेला फिल्टर.

आणि पाटात?

झुळझुळ, झुळझुळ, झुळझुळ!

डबकं झालं वाटीएवढं. डबकं झालं ताटाएवढं. डबकं झालं परातीएवढं! सात भावंडं सुळकन पोहली. इकडून तिकडे, तिकडून इकडे.

"दादा, पाणी! दादा, पाणी!"

दुसऱ्या दिवशी सकाळी टुण्याने एकही उडी मारली नाही. दुखरे पाय पाण्यात सोडून तो नुसता बसून राहिला. सात भावंडं आली आणि त्याच्या तळव्यांना गुदगुल्या करत राहिली.