सरदार शितोळ्यांचा मुजरा

निर्माते दिनकरराव शितोळे आपल्या प्रत्येक ऐतिहासिक मालिकेत एका सरदाराची भूमिका हट्टाने स्वतःकडे ठेवत. नव्या मालिकेचा पहिला भाग पाहुण्यांना दाखवून झाला, तसे ते छाती फुगवून म्हणाले, "आमच्याकडे सगळं अस्सल असतं. कॉम्प्युटरची करामत अजिबात नाही."

चित्रणातल्या नको त्या वस्तू तीन महिने कॉम्प्युटरवर पुसत बसलेली मृदुला अणावकर मागच्या रांगेतून उठली. "म्हणून नामावलीतून माझं नाव काढलंत का?"

"बाई, तुमचं काम एका तरी जागी दिसलं का? दाखवा, लगेच नाव घालतो."

"दिसलं असतं तर ते फसलं असतं. ते नसताना काय दिसतं, ते दाखवते."

तिने दरबाराचं मूळ चित्रण पडद्यावर लावलं. सरदार शितोळे महाराजांपुढे वाकले, मुजऱ्याला हात उचलला, आणि ज्योतिष्याने कधीही काढू नका म्हणून बजावलेलं सोन्याचं घड्याळ मनगटावर लखलखलं. सभागृहात हशा पिकला.

तो ओसरेपर्यंत मृदुला थांबली. मग म्हणाली, "साहेब, पुढच्या भागात काय दिसू देऊ? माझं नाव, की तुमचं घड्याळ?"