बिनमुळाचा शेंडा

सड्याखालच्या, म्हणजे कातळाच्या पठाराखालच्या एका गावात एक भोळा गेणू होता. होता म्हणजे, आहे अजून. आमच्या कुंपणाला लागूनच त्याचं घर. मी काही कान लावून बसत नाही, पण ऐकू येतं.

त्याच्या लेकीला, मंदाला, बघायला रविवारी पाहुणे येणार होते. आणि दारातच विहिरीतून निघालेल्या दगडांचा हा ढीग! बायको हौसा म्हणाली, "अहो, मुलाची आई भारी नाकाची आहे म्हणे. हे बघून दारातूनच माघारी फिरेल. सड्यावरनं पिवळ्या फुलांचं काहीतरी आणा, दगडांत लावू."

गेणूनं ओटीभर सोनकीची फुलं खुडून आणली, फटीफटीत खोचली. संध्याकाळी सगळ्यांनी माना टाकल्या.

"अहो, मूळ नको का? मूळ नसेल ते सरळ उकिरड्यावर टाकायचं!"

"बरं," गेणू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी चांगलं मूळ बघून आणलं. पुरुषभर उंच सूर्यफूल! दगडांवर लावलं, तर घराचं दार दिसेना.

"अहो, दगडांत बुटकंच शोभतं. डोक्याच्या वर गेलं की शेंडा खुडायचा!"

"बरं."

तिसऱ्या दिवशी सूर्यफुलाचा शेंडा खुडला. मग कुंपण ओलांडून माझ्या पपईचाही खुडला. डोक्याच्या वर गेली होती ना! मी अशी ओरडले की हौसा पिठाच्या हातानं धावत आली.

"अहो, लोकांच्या झाडांना कशाला हात लावता? आपल्या दगडांत जे पिवळं असेल, तेवढंच खुडा!"

"बरं."

शेवटी शनिवारी हौसा नि मीच सड्यावर गेलो. बुटकी सोनकी मुळांसकट आणून लावली. रविवारी ढीग नुसता पिवळाधमक!

मुलाची आई आली ती हरखलीच. "अगंबाई, काय सुरेख! माझा फोटो काढ रे इथं," मुलाला म्हणाली. पिवळी जरीची साडी, डोक्यावर हा एवढा अंबाडा. चढली वरच्या दगडावर.

गेणू पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आला. बघतो तर आपल्याच दगडांत, पिवळं, आणि डोक्याच्या वर गेलेलं. तांब्या खाली ठेवला, शेंड्याला हात घातला.

अंबाडा अख्खा हातात आला.

गेणूनं तो उलटासुलटा करून बघितला. "हौसे, याला मूळच नाही गं!" म्हणाला, आणि टाकला उकिरड्यावर.

दारात मंदा फिसकन हसली. तिला बघून मुलगाही हसला. मग दोघं थांबेचनात. "आई, मला हीच मुलगी पाहिजे," तो डोळे पुसत म्हणाला.

आईनं पदर कानापर्यंत ओढला. "सोयरीक पक्की. पण गंगावनाची गोष्ट या अंगणाबाहेर जाता कामा नये."

हौसानं गेणूला तीनतीनदा बजावलं, "कुणालाही सांगायचं नाही!"

"बरं."

लग्न लागलं, अक्षता पडल्या. मुलीचा बाप म्हणून गेणूच्या हातात माइक दिला.

"मंडळी," गेणू म्हणाला, "सगळ्यांनी जेवून जा. आणि विहीणबाईंच्या गंगावनाचं मी कुणालाही सांगणार नाही. उगाच कुणी विचारू नका!"